पाहुण्यांच्या पायाला मिठी मारणारा कुत्रा

दाराची बेल वाजते, पाहुणे चपला काढून सोफ्यावर टेकतात आणि घरातला दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर धावत येऊन काकांच्या पायाला मिठी मारतो, कंबर हलवू लागतो. मुलं खिदळतात, आजी तोंड फिरवते, कुणीतरी ओशाळून कुत्र्याच्या पाठीत रट्टा घालतं. रट्टा कशासाठी बसला, हे त्या बिचाऱ्याला अजिबात कळत नाही.

‘वयात आलाय, माज आलाय’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण पाच-सहा आठवड्यांची पिल्लंही खेळताना एकमेकांवर अशीच चढतात. त्यात माद्या असतात आणि निर्बीजीकरण झालेले नरही पुढे हे करताना दिसतात. म्हणजे ही हालचाल प्रजननाची असली, तरी दर वेळी तिच्यामागे प्रजननाची ओढ नसते. खेळ रंगात आला, घरात अचानक गर्दी झाली, आनंद आणि घाबरणं एकदमच दाटून आलं की त्या उत्तेजनेला कुठेतरी वाट हवी असते. कुत्र्याला ही वाट उपजतच ठाऊक असते.

‘तो घरावर हुकमत गाजवतोय’ हे स्पष्टीकरण तर मला अजिबात पटत नाही. गोधडीवर किंवा उशीवर चढणारा कुत्रा कुणावर हुकमत गाजवणार? या समजुतीपायी किती कुत्र्यांना जमिनीवर दाबून धरून ‘धडा’ शिकवला जातो. त्यातून त्यांना फक्त माणसाच्या हाताची भीती बसते.

वयात आलेल्या नरात टेस्टोस्टेरॉनचा वाटा असतोच. भाद्रपद आणि भटकी कुत्री हे नातं मराठी माणसाला सांगायला नको. घरातली मादी मात्र बहुधा वर्षातून दोनदा, कोणत्याही ऋतूत माजावर येते आणि तिचा वास लागला की नर बेचैन होतो. मग निर्बीजीकरण केलं की प्रश्न मिटला का? अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ नरांच्या मालकांकडून शस्त्रक्रियेनंतरची माहिती घेतली गेली. चढण्याची सवय साधारण ६० टक्के कुत्र्यांत निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. ती जवळजवळ थांबली असे कुत्रे मात्र बरेच कमी होते. याचं कारण असं की नराचा मेंदू जन्माच्या आगेमागेच हार्मोन्सच्या प्रभावाखाली घडलेला असतो. वृषणं काढली की रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झपाट्याने उतरतं, पण मेंदूची ती घडण आणि अंगवळणी पडलेली सवय मागे उरते. मोठ्या जातींमध्ये शस्त्रक्रियेची घाईही बरी नव्हे. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांना सांध्यांचे विकार जास्त आढळले आहेत. म्हणून योग्य वय पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं.

घरी करायचं ते साधंच, पण चिकाटीचं आहे. चढण्याआधी कुत्रा खूण देतो. तो पायाशी घुटमळतो, धापा टाकतो, पाय चाटतो, हनुवटी गुडघ्यावर टेकवतो. त्याच क्षणी हाक मारा, ‘बस’ म्हणा आणि बसल्याबरोबर खाऊ द्या. चढलाच तर ओरडू नका, हसूही नका, कारण त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे लक्ष मिळणंच. पाहुण्यांनी शांतपणे उठून बाजूला व्हावं आणि तुम्ही त्याला पट्ट्याने दूर न्यावं. पाहुणे येण्याआधी त्याला लांब फिरवून आणा, वाटेत मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रं फार छान निवतं. शिवाय घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा. बाबा रागावतात आणि मुलं टाळ्या वाजवतात, अशा घरात ही सवय सुटत नाही.

कधी कधी या सवयीचं मूळ शरीरात असतं. आजवर असं न करणारा कुत्रा अचानक करू लागला, सतत जननेंद्रिय चाटू लागला, लघवी थेंबथेंब होऊ लागली किंवा कातडी लाल दिसली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा ॲलर्जी असू शकते. तेव्हा आधी तपासणी करा, शिकवणं नंतर. आणि बाहेर आलेलं लिंग आत जात नसेल, सुजून कोरडं पडू लागलं असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. रक्तपुरवठा तुटून तिथल्या पेशी मरू शकतात. त्याच वेळी दवाखाना गाठा.