पडद्यावरचा पाऊस आणि त्यामागचा हिशेब

मोबाइलवर लढाईचे खेळ खेळणारी मुले आज घरोघरी दिसतात. वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण व्यापारी माणसाने कोणत्याही मालाबद्दल दोन प्रश्न विचारावेत. तो घेतो कोण आणि तो घडवितो कोण? हे खेळ घडविणाऱ्यांत चित्रकार, ध्वनिमुद्रक, गणिती आणि प्रोग्रॅमर अशा अनेक कारागिरांचे हात लागतात. त्यातले काही हात पुण्यातले आहेत. म्हणून या धंद्यातील एका कामाची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते काम म्हणजे अनेकांनी मिळून खेळावयाच्या लढाईत पाऊस, धुके, वादळ आणि लाटा आणणे.

हवामान शोभेपुरते नाही

जुन्या खेळांत आभाळ म्हणजे नाटकाच्या मागचा रंगविलेला पडदा असे. सामना संपेपर्यंत ढग जागचे हलत नसत. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या डाइस या कंपनीने २०१३ साली 'बॅटलफील्ड ४' हा खेळ बाजारात आणला. त्यात एका सामन्यात ६४ खेळाडू उतरू शकत. शांघायच्या नकाशावर उंच इमारत कोसळते आणि धुळीने परिसर भरून जातो. पॅरासेल बेटांच्या नकाशावर सामना चालू असतानाच समुद्र खवळत जातो.

याच कंपनीच्या २०१६ सालच्या 'बॅटलफील्ड १' मध्ये पहिले महायुद्ध आहे. तेथे सिनाईच्या वाळवंटात मध्येच वाळूचे वादळ उठते. दुरून नेम धरणाऱ्याला समोरचे दिसेनासे होते, वैमानिक अडचणीत येतो आणि जवळून लढणाऱ्याचे फावते. २०२१ च्या 'बॅटलफील्ड २०४२' मध्ये तर वावटळ सैनिकांना आणि गाड्यांना उचलून फेकते. म्हणजे हवामान नुसते पाहण्याचे राहिले नाही. त्यावर हारजीत ठरू लागली, आणि कामाची खरी कसोटी तेथेच सुरू झाली.

सर्वांचा पाऊस एकच हवा

एकट्याने खेळावयाच्या खेळात पाऊस कसाही पडला तरी तक्रार करणारा कोणी नसतो. पण एक खेळाडू नागपुरात आणि दुसरा दुबईत बसला असेल, तर दोघांना एकाच क्षणी तेच धुके आणि तीच लाट दिसली पाहिजे. एकाच्या पडद्यावर लाट उंच आणि दुसऱ्याच्या पडद्यावर पाणी सपाट, असे झाले तर लाटेआड लपलेला माणूस विनाकारण मारला जाईल. दोन दुकानांत दोन मापे असावीत तसा हा प्रकार होईल.

मग पावसाचा प्रत्येक थेंब इंटरनेटवरून पाठवावा काय? ते परवडणारे नाही. येथे आमच्या भिवंडी-मालेगावच्या विणकर बांधवांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण देतो. जकार्ड मागाची नक्षी दुसऱ्या कारखान्यात न्यायची तर विणलेले कापड नेण्याची गरज नसते. छिद्रे पाडलेले पत्ते दिले की तेथल्या मागावर तीच नक्षी उतरते. खेळातही असेच करतात. मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, वादळ कधी सुरू होणार, वारा कोणत्या दिशेचा, जोर किती आणि घड्याळात या क्षणी किती वाजले, एवढे मोजके आकडे पाठवितो. त्या आकड्यांवरून प्रत्येकाचे यंत्र आपापल्या जागी वादळ उभे करते. ब्रिटनच्या रेअर या कंपनीचा २०१८ सालचा 'सी ऑफ थीव्ज' हा जहाजांच्या लढाईचा खेळ आहे. त्यातही सर्व जहाजे एकाच लाटेवर डोलली नाहीत तर तोफेचा नेम लागणार नाही.

तरीही एक अडचण राहते. दोन वेगळ्या बनावटीची यंत्रे तीच आकडेमोड करून दशांशात किंचित वेगळी उत्तरे देऊ शकतात आणि हा फरक साचत जातो. म्हणून कामाची वाटणी करावी लागते. लाटेची उंची, धुक्याची दाटी, वावटळीची जागा या गोष्टींवर हारजीत अवलंबून असते, म्हणून त्या सर्व्हरच्या ताब्यात राहतात. थेंब, उडणारी पाने, काचेवरचे ओघळ ही नुसती सजावट असते. ती ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडली तरी चालते.

स्वस्त फोनचा प्रश्न

आपल्याकडचा मोठा ग्राहक साध्या फोनवर खेळतो. पाऊस, धूर आणि धुके हे पारदर्शक थर असतात. ते एकावर एक चढले की पडद्यावरचा तोच ठिपका यंत्राला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. फोन तापतो, मंद होतो, बॅटरी उतरते. खेळणारा वैतागून खेळ काढून टाकतो आणि बनविणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते.

अनुभवी कारागीर येथे काटकसर करतात. सबंध नकाशावर पाऊस न पाडता खेळाडूच्या नजरेभोवती तेवढाच पाडतात. छपराखाली थेंब पडू नयेत म्हणून वरून पाहिल्याप्रमाणे उंचीचा एक नकाशा काढून ठेवतात आणि छप्पर कोठे आहे ते त्यावरून ठरवितात. ओल्या भिंतीसाठी नवे चित्र काढीत नाहीत. त्याच भिंतीचा रंग थोडा गडद करतात आणि चकाकी वाढवितात. पत्र्यावरचा पाऊस निराळा आणि झाडावरचा निराळा ऐकू आला, तर निम्मे काम कानच करतात.

पण काटकसरीत न्याय जाऊ नये. फोन साधा म्हणून त्यावरचे धुके काढून टाकले, तर साधा फोनवाला लांबचे पाहील आणि महागडा फोन घेतलेला आंधळा राहील. मग जिंकण्यासाठी जो तो मुद्दाम चित्राचा दर्जा खाली ओढील. म्हणून थेंब कमी करावेत, पाने कमी करावीत, पण दिसण्या-न दिसण्याचा नियम सर्वांना सारखाच ठेवावा.

आमच्या तरुणांनी काय घ्यावे?

पुण्यात फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ काढला. शिकण्यासाठी भांडवल लागतेच असे नाही. ब्लेंडर हे चित्रे घडविण्याचे साधन आणि गोडो हे खेळ बांधण्याचे साधन, दोन्ही विनामूल्य आहेत. अनरियल हे साधन घेतले तर एका खेळाची एकूण विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर त्यापुढील रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात. ही अट आधी वाचून घ्यावी.

चार-पाच जणांच्या कारखान्याने काम अंगावर घेताना 'हवामानही घालून देऊ' असे सहज बोलू नये. थेंब काढण्याची मजुरी थोडी असते. वेगवेगळ्या फोनांवर, मंद इंटरनेटवर आणि सर्व खेळाडू एकदम उतरवून तपासण्याचा खर्च मोठा असतो. तो दरात धरला नाही तर नफा पहिल्याच वादळात वाहून जातो. मोठ्यांनाही हे चुकले नाही. 'बॅटलफील्ड ४' बाजारात आला तेव्हा त्यात इतके दोष होते की, डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीला पुढची कामे थांबवून आधी दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

कायद्याचेही भान असावे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. काम देणारा यातला कोणता खेळ काढतो आहे, हे विचारल्याशिवाय बयाणा घेऊ नये. बाजारही एका दिवसात फिरतो. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा त्यावर पोट असलेल्यांची एकाएकी पंचाईत झाली. तेव्हा एकाच खेळावर, एकाच गिऱ्हाइकावर सारी मदार ठेवू नये.

आमची सूचना साधी आहे. ज्या घरात असा हुन्नर असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, तेथे आधी एक लहान काम पूर्ण करावे. एक अंगण, एक छप्पर, त्यावर पाऊस आणि तो पाहणारे दोन फोन. दोन्ही फोनांवर एकाच क्षणी एकच पाऊस पडला, तर दाखविण्यासारखा नमुना हाती आला. धंद्यात बोलण्यापेक्षा नमुना दाखविलेला बरा, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.