मर्सिडीज : नाव कुणाचं, कष्ट कुणाचे

आज आपण एका मोटारीच्या कंपनीबद्दल बोलणार आहोत. विषय ठरला तेव्हा आमच्यातच थोडी कुजबुज झाली. शेळीपालन, बचतगट, रक्त वाढवणारा आहार हे सगळं सोडून मर्सिडीज कशाला? ती घ्यायला आपल्यापैकी कोण निघालंय? प्रश्न रास्त आहे. पण या कंपनीच्या पायात एका बाईचा पैसा आहे, तिच्या पाटीवर एका मुलीचं नाव आहे, आणि तिच्या इतिहासात अशा शेकडो बायका आहेत ज्यांचं नाव जाहिरातीत कधीच आलं नाही. म्हणून म्हटलं, हा विषय आपलाच आहे.

सुरुवात बर्थापासून करू. बर्था रिंगर १८४९ साली जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम गावात जन्मली. वडील बांधकामाच्या धंद्यातले, खाऊनपिऊन सुखी. असं सांगतात की तिच्या जन्माच्या वेळी घरच्या बायबलमध्ये, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशी नोंद झाली होती. म्हणजे हे दुखणं फक्त आपल्याकडचंच नव्हे.

तिचं लग्न ठरलं कार्ल बेन्झ नावाच्या तरुण इंजिनिअरशी. हुशार माणूस, पण हातात पैसा नाही. मानहाइम शहरात त्याने एकाबरोबर भागीदारीत छोटा कारखाना काढला होता, आणि भागीदाराशी पटेना. तेव्हा बर्थाने लग्नात मिळायचा आपला हिस्सा वडिलांकडून आधीच मागून घेतला आणि त्या पैशाने भागीदाराचा वाटा विकत घेतला गेला. हुंडा हा शब्द आपण फार कडू अनुभवातून शिकलो आहोत, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. हा पैसा मुलाकडच्यांनी अडवून मागितलेला नव्हता. तो कशात घालायचा हे तिने स्वतः ठरवलं होतं. १८७२ साली लग्न झालं.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. मुलं झाली, कर्ज वाढलं, यंत्र काही चालेना. १८७९ च्या वर्षाच्या शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर बर्थाच म्हणाली की चला, कारखान्यात जाऊन एकदा पुन्हा बघू, आणि त्या रात्री इंजिन सुरू झालं. ही आठवण कार्ल बेन्झने स्वतःच लिहून ठेवली आहे. २९ जानेवारी १८८६ ला त्याने आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाकं, मागे एका सिलिंडरचं इंजिन, ताकद पाऊण हॉर्सपॉवर आणि वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. आजही या कागदाला मोटारीचा जन्मदाखला म्हणतात. त्यावर बर्थाचं नाव मात्र नाही.

पेटंट मिळालं, पण गाडी घेणार कोण? लोक बघायचे, हसायचे, घोडे बुजायचे. कार्ल स्वभावाने भिडस्त. अजून थोडी सुधारणा करू, मग दाखवू, असं त्याचं चाललेलं. यावर बर्थाने जो उपाय काढला तो आम्हाला फार आवडतो. ती माहेरी निघाली.

ऑगस्ट १८८८. शाळेला सुट्टी होती. नवऱ्याला न सांगता तिने पहाटे गाडी बाहेर काढली. बरोबर ऑयगेन आणि रिखार्ड हे दोन मोठे मुलगे, दोघंही अजून शाळकरीच. मानहाइम ते फोर्ट्सहाइम हे अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त. साधारण पुण्याहून साताऱ्याला जावं तेवढं. तोवर या गाडीने गावातल्या गावात चकरा मारल्या होत्या. एवढा लांबचा प्रवास मोटारीने त्याआधी कुणीच केला नव्हता. रस्ते बैलगाड्या-घोडागाड्यांचे. पेट्रोल पंप ही चीजच जगात नव्हती.

इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानात ती थांबली. कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रोइन नावाचा एक द्रव मिळायचा, त्यावर हे इंजिन चालायचं. दुकानात होता तेवढा तिने घेतला. ते दुकान पुढे जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून प्रसिद्ध झालं. इंजिन थंड ठेवायचं पाणी उकळून उडून जायचं, म्हणून विहीर, ओढा, खानावळ दिसेल तिथे पाणी भरायचं. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाने टोपीला लावायच्या लांब पिनेने मोकळी केली. ठिणगी नेणाऱ्या तारेचं आवरण झिजलं, तिथे पायमोजा घट्ट बसवायचा पट्टा गुंडाळला. साखळी एका लोहाराकडून ठीक करून घेतली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून गेले, तर बाउशलॉट गावात जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज प्रत्येक गाडीत ब्रेक लायनिंग असतं, त्याची सुरुवात इथे झाली असं मानतात. चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलायची.

दिवेलागणीच्या सुमाराला तिघं पोचली. बर्थाने नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडी परतही चालवत आणली.

ही गोष्ट बहुतेक वेळा धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण आम्हाला वाटतं, तिने खरं केलं ते काम तपासणीचं. कारखान्याच्या आवारात जे कळत नव्हतं ते रस्त्यावर कळलं. गाडी चढ चढत नाही, हे मुलांच्या घामातून कळलं, आणि त्यानंतर बेन्झने चढासाठी कमी वेगाचा आणखी एक गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ साली बेन्झच्या कारखान्याने ५७२ गाड्या बनवल्या, आणि तो तेव्हा जगातला सगळ्यात मोठा मोटार कारखाना होता. बर्था ९५ वर्षं जगली, १९४४ मध्ये गेली. अमेरिकेत मोटार धंद्यातल्या थोर माणसांचं एक दालन आहे. त्यात कार्लचं नाव १९८४ साली लागलं, बर्थाचं २०१६ साली.

मग यात मर्सिडीज कुठून आली? त्यासाठी दुसऱ्या कारखान्याकडे जायला हवं. श्टुटगार्टजवळ गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म माइबाख हे दोघं त्याच काळात, बेन्झपासून वेगळे, आपली गाडी बनवत होते. त्यांचा मोठा गिऱ्हाईक होता एमिल येलिनेक, ऑस्ट्रियाचा श्रीमंत व्यापारी, मुक्काम फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर नीस शहरात. त्याला लेकीचं भारी वेड. तिचं नाव मर्सिडीज. स्पॅनिश भाषेतलं हे नाव, अर्थ कृपा. म्हणजे आपल्या गावात एखादी कृपा असते तशीच ही. बाप शर्यतीत उतरायचा तेही लेकीच्या नावाने. १९०० साली त्याने एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि नव्या इंजिनाला मर्सिडीजचं नाव द्यायची अट घातली. माइबाखने बनवलेल्या त्या गाडीने १९०१ मध्ये नीसच्या शर्यती गाजवल्या आणि १९०२ साली नाव कायद्याने नोंदलं गेलं. येलिनेकने पुढे आपल्या आडनावालाही लेकीचं नाव जोडून घेतलं. मुलीच्या नावावरून बापाचं नाव, हे तेव्हाही नवलाचंच होतं. ती मुलगी मात्र १९२९ साली, चाळिशीही न गाठता वारली.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमत उरली नाही, आणि दोन्ही कारखान्यांना एकेकट्याने टिकणं जड झालं. १९२६ मध्ये ते एक झाले. कंपनी डाइमलर-बेन्झ, गाडी मर्सिडीज-बेन्झ. तीन टोकांचा तारा डाइमलरकडचा. जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आपली इंजिनं चालावीत, असा त्याचा अर्थ.

आता जे सांगायचं आहे ते जाहिरातीत येत नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. तो मिरवायचा ती मोटार मर्सिडीजची होती. मर्सिडीज येलिनेकचे आजोबा व्हिएन्नाचे मोठे ज्यू धर्मगुरू होते. ज्यूंचा जीव घेणारा माणूस एका ज्यू घरातल्या मुलीचं नाव लावलेल्या गाडीत उभा राहून सलाम घेत होता. युद्धात कंपनीने लष्करासाठी ट्रक आणि लढाऊ विमानांची इंजिनं बनवली. जर्मन कामगार आघाडीवर गेले, त्यांच्या जागी माणसं आणली ती जबरदस्तीने. कंपनी आज स्वतः सांगते की १९४४ साली तिच्याकडे ६३,६१० जण कामाला होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले परदेशी मजूर, युद्धकैदी किंवा छळछावणीतले कैदी होते. बर्लिनच्या दक्षिणेला गेन्सहागेन इथे विमानांच्या इंजिनांचा कारखाना होता. तिथे राव्हेन्सब्रुक या बायकांच्या छळछावणीतून सुमारे १,१०० बायका आणल्या गेल्या. काम कारखान्यात, झोपायचं कारखान्यातच.

या बायका यंत्र चालवायला नवख्या होत्या, उपाशी होत्या, वर बॉम्ब पडत होते. त्यांतल्या कितीजणींना त्यांनी घडवलेल्या वस्तूवरचा तारा कधी ओळखता आला असेल, कुणास ठाऊक. युद्ध संपल्यावर कंपनी पुन्हा उभी राहिली, भरभराटली, पण या विषयावर कित्येक वर्षं अवाक्षर नाही. १९८६ मध्ये मोटारीची शंभरी थाटात साजरी झाली, तेव्हा त्या मधल्या वर्षांचं काय, असा प्रश्न इतिहासकारांनी आणि वाचलेल्या कैद्यांनी लावून धरला. १९८८ मध्ये कंपनीने दोन कोटी मार्क दिले, तेही माणसांच्या हातात नव्हे, संस्थांना. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून निम्मे-निम्मे असे दहा अब्ज मार्क उभे केले, त्यात ही कंपनी होती, आणि त्यातून वेठीच्या मजुरांना थेट पैसे मिळाले. तोवर बहुतेक जणी हयात नव्हत्या. उशिरा का होईना दिलं, असं म्हणणारे आहेत. आम्हाला ते म्हणवत नाही.

पण लौकिक नुसता जाहिरातीने मिळत नाही हेही तितकंच खरं. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने याच कंपनीत एक साधी वाटणारी गोष्ट शोधली. तोवर समज असा की गाडी जितकी दणकट तितकी सुरक्षित. बारेनी म्हणाला, पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपेल असा करा, मधली माणसं बसायची जागा तेवढी भक्कम ठेवा. उंचावरून फरशीवर पडलं तर हाड मोडतं, कडब्याच्या गंजीवर पडलं तर वाचतं. कारण गंजी दबते आणि धक्का स्वतःवर घेते. गाडीचं नाकही तसंच. १९५१ साली त्याने पेटंटचा अर्ज केला, १९५९ मध्ये अशी गाडी बाजारात आली. आज जगभर हीच पद्धत आहे. अपघातानंतर गाडीचं तोंड चेपलेलं दिसलं की आपण म्हणतो काय पत्रा आहे हा. पण ते चेपणं कामाचं असतं.

कंपनीचं ब्रीद आहे, सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही. अशी मोठी वाक्यं कधी कधी अंगावर येतात. १९९७ साली तिने पहिल्यांदाच एक लहान गाडी काढली, ए-क्लास. स्वीडनमध्ये रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आडवं येतं, तेव्हा गाडी झटकन वळवून सावरता येते का, याची चाचणी घेतात. एका मासिकाच्या पत्रकारांनी ती घेतली आणि मर्सिडीज चक्क उलटली. कंपनीने आधी खळखळ केली. मग विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि घसरणारी गाडी सावरणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र प्रत्येक गाडीत बसवून दिलं. तोवर ते महागड्या गाड्यांतच मिळायचं. आता ते पुष्कळ स्वस्त गाड्यांतही असतं.

डिझेलच्या बाबतीत मात्र असं काही चांगलं सांगता येत नाही. तपासणीच्या वेळी धूर कमी आणि रोजच्या रस्त्यावर जास्त, अशी गाडीतल्या संगणकाची रचना केली, असा आरोप अमेरिकन सरकारने ठेवला. सुमारे अडीच लाख गाड्यांचा प्रश्न होता. २०२० मध्ये कंपनीने दीड अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं, दोष मात्र मान्य केला नाही. चूल फुंकणाऱ्या बाईला धूर छातीत गेला की काय होतं ते सांगायला नको.

आपल्याकडे हा तारा गाडीवर नंतर आला, ट्रकवर आधी. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. कापूस, ऊस, कांदा, सिमेंट, सगळं या ट्रकांनी वाहिलं. मोटारी आल्या त्या १९९५ पासून, पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोच्या आवारात बनून. २००९ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे.

तुमच्या घरात कुणी, वडिलांनी, सासऱ्यांनी, आजोबांनी तो जुना तारेवाला ट्रक चालवला असेल, किंवा तुमच्या घरचं कुणी आज चाकणला कामाला जात असेल, तर आम्हाला कळवा. आणि ते महिनोन्‌महिने रस्त्यावर असताना घर ज्यांनी ओढलं, त्या बायकांनी तर स्टुडिओत जरूर यावं. पुढच्या भागासाठी माइक मोकळा ठेवला आहे.