किंचाळीचा ठेका

जून २००९ मध्ये ‘ब्रोकनसाइड’ या अमेरिकन बँडचा पहिला पूर्ण अल्बम बाजारात आला. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातली ही पोरं. अल्बमचं नाव ‘आय’म नॉट अ फॅन, बट द किड्स लाइक इट’, म्हणजे ‘मला काही हे आवडत नाही, पण पोरांना आवडतं’. समीक्षकांनी नावाचा पहिला अर्धा भाग तेवढा मनावर घेतला. आपल्या काळात जे जे भिकार आहे त्याचा नमुना म्हणून इंग्लिश कॉमिक्स-लेखक वॉरन एलिस यांनी या बँडचा व्हिडिओ दाखवला. ‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या समीक्षकाचं म्हणणं असं, की कुणी कितीही घोर अपराध केला तरी त्याला हा अल्बम ऐकायला लावणं म्हणजे जरा जास्तच शिक्षा होईल. तरीही अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या शंभरात गेला. पोरांना आवडलाच होता.

या प्रकाराला ‘क्रंककोअर’ म्हणत. हिप-हॉपचा ठेका, त्यावर रॅप, यंत्रातून गुळगुळीत करून घेतलेलं ध्रुवपद आणि मध्येच पंकवाल्यांची नरडं फाडणारी किंचाळी. दोन-तीन वर्षांत त्याचा बोऱ्या वाजला. पण दहा वर्षांच्या आत हाच मसाला ‘ट्रॅप मेटल’ या नावाने परतला आणि ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांच्यातलेच काही जण माना डोलावू लागले. माझ्या मते समीक्षकांचं गाण्यांविषयीचं मत बरोबर होतं, गानप्रकाराविषयीचं साफ चुकलं.

‘दोन परस्परविरोधी गोष्टी ओढूनताणून एकत्र आणल्या’ हा क्रंककोअरवरचा नेहमीचा आक्षेप. तो इतिहासाला धरून नाही. क्रंक हा अमेरिकेच्या दक्षिण भागातला हिप-हॉप. मेम्फिसच्या ‘थ्री सिक्स माफिया’ने त्याला आकार दिला आणि अटलांटाच्या लिल जॉनने तो घरोघरी पोचवला. लिल जॉन रॅपर म्हणून बेताचाच, पण ओरडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो एक आरोळी ठोकायचा आणि क्लबातली गर्दी ती परत फेकायची. पंकच्या मैफलीतही हेच चालतं: गायकाच्या हातून माइक हिसकावून पहिल्या रांगेतली पोरं ओळ पुरी करतात. म्हणजे दोन्हीकडे चाल दुय्यम आणि सामूहिक ओरडा मुख्य. २००४च्या ‘क्रंक ज्यूस’ या अल्बमात लिल जॉनने खुद्द रिक रुबिनला निर्माता म्हणून एका गाण्यापुरतं बोलावलं आणि रुबिनने त्यात ‘स्लेयर’ या मेटल बँडचे तुकडे पेरले. हा रुबिन कोण, तर १९८४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या वसतिगृहाच्या खोलीतून ‘डेफ जॅम’ ही रॅपची कंपनी चालवणारा मुलगा. त्याआधी तो एका पंक बँडमध्ये होता. ‘बीस्टी बॉइज’ १९८१ मध्ये सुरू झाले तेव्हा हार्डकोअर, म्हणजे अधिक वेगवान आणि कर्कश, पंकच वाजवत. पुढे त्यांचाच ‘लायसन्स्ड टु इल’ हा बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला रॅप अल्बम ठरला.

पंक गोऱ्यांचं आणि हिप-हॉप काळ्यांचं, ही सोयीची वाटणीही टिकत नाही. हार्डकोअर पंकला वेग दिला तो वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ने. चौघंही काळे, आणि त्याआधी जॅझ-फ्यूजन वाजवणारे.

ठेक्याचं म्हणाल तर तो जपानी. रोलँड कंपनीचं ‘टीआर-८०८’ हे ड्रम-यंत्र १९८० मध्ये आलं. खऱ्या ढोलासारखं वाजत नाही म्हणून ते चाललं नाही, तीन वर्षांत कंपनीने उत्पादन थांबवलं, आणि स्वस्तात विकली गेलेली यंत्रं हिप-हॉपवाल्यांच्या हाती लागली. जाता जाता सांगतो, मुंबईचे वादक चरणजितसिंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच याच यंत्रावर दहा राग बसवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली होती. त्या वेळी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ८०८चा ‘किक’ नुसता ठोका नसतो, तो लांबवता येतो आणि त्याला सूरही देता येतो. म्हणून एकटा तोच ढोल आणि बेस गिटार या दोघांचं काम करतो. ड्रमर नको, बेसवाला नको. बेडरूममध्ये लॅपटॉप आणि एक माइक एवढ्यावर बँड उभा राहतो.

आता किंचाळीकडे येऊ. तिच्यामागे तंत्र असतं, हे बऱ्याच रसिकांना पटत नाही. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना-गाताना त्या फारशा कामाला येत नाहीत. कसलेला किंचाळणारा हवेचा दाब पोटातून सांभाळतो आणि या वरच्या घड्या थरथरवतो, त्यामुळे मूळ तंतूंवर ताण कमी येतो. वाटतो तितका हा आवाज मोठाही नसतो. माइक ओठांना चिकटवलेला असतो आणि बाकीचं काम आवाजातला चढउतार सपाट करणारा कंप्रेसर करतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गानशिक्षिकेने २००५ मध्ये ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही डीव्हीडी काढली ती याच विद्येवर. हे न शिकता नुसतं बोंबलणाऱ्याचा गळा मात्र चार कार्यक्रमांत बसतो.

क्रंककोअरची गंमत मला दिसते ती पुढे. ध्रुवपदाला ज्या ‘ऑटोट्यून’ने गुळगुळीत करत, ते १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी बनवलं. हे गृहस्थ आधी तेलशोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचं गणित करत. आवाजातली लहर किती वेळाने स्वतःची पुनरावृत्ती करते हे ऑटोट्यून मोजतं, त्यावरून सूर ओळखतं आणि जवळच्या बिनचूक सुरावर नेऊन बसवतं. किंचाळीत अशी नियमित पुनरावृत्ती जवळपास नसतेच, त्यामुळे यंत्राला तिथे धरायला काही सापडत नाही. परिणामी एकाच गाण्यात पूर्ण यांत्रिक आवाज आणि यंत्राच्या हाती न लागणारा आवाज शेजारी शेजारी येतात. ब्रोकनसाइडचं ‘फ्रीक्स’ ऐकताना हा सांधा अगदी उघडा ऐकू येतो. कल्पना म्हणून ती भन्नाटच होती.

ती खर्ची पडली कशावर? पार्टी, दारू आणि मुलींविषयीची उर्मट शेरेबाजी. सबंध अल्बमात ज्याला राग म्हणावा असं काही नाही, नुसता माज आहे. कोलोरॅडोच्या ‘थ्री ओ थ्री’ या जोडगोळीने किंचाळी बाजूला ठेवून उरलेली चटपटीत पॉप गाणी केली आणि २००९ मध्ये ‘डोन्ट ट्रस्ट मी’ हे गाणं बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत नेलं. तिथेही स्त्रियांविषयीचा सूर तोच.

त्याच सुमाराला, २०१०च्या अखेरीस, कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोत ‘डेथ ग्रिप्स’ जमले. ओरडायला स्टीफन बर्नेट, ऊर्फ एमसी राइड. ड्रमवर झॅक हिल. यंत्रांवर अँडी मोरिन. एप्रिल २०११ मध्ये त्यांनी ‘एक्समिलिटरी’ हा गाण्यांचा संग्रह फुकट वाटला. त्यात ‘ब्लॅक फ्लॅग’ या जुन्या पंक बँडचा तुकडा राजरोस वापरलेला. ‘गिलोटिन’ या गाण्याचा व्हिडिओ बघावा: राइड गाडीत ड्रायव्हरशेजारी पट्टा बांधून बसलाय, आणि जागच्या जागी अंग झोकून देत ओरडतोय. बाकी काही घडत नाही. गाण्यात ठेका इतका उघडावाघडा आहे की ओरडणाऱ्याला लपायला जागाच उरत नाही. इथे किंचाळी चवीपुरती येत नाही, सगळं गाणं तिच्यावरच उभं आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी ‘नो लव्ह डीप वेब’ हा अल्बम एपिक या आपल्याच बड्या कंपनीला न विचारता इंटरनेटवर फुकट सोडला. कंपनीने त्यांना काढून टाकलं. पंकवाल्यांना ही पावती पुरेशी होती.

पुढची पिढी, म्हणजे ट्रॅप मेटलवाली, साउंडक्लाउड या गाणी चढवण्याच्या संकेतस्थळावर वाढली. फ्लोरिडाचा रॅपर घोस्टमेन हार्डकोअर बँडमधून आलेला. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचा स्कारलॉर्ड आधी यूट्यूबवर गमतीदार व्हिडिओ करायचा. न्यूयॉर्कमध्ये ‘सिटी मॉर्ग’ हा गट. ८०८चा बेस मुद्दाम फाटेपर्यंत चढवायचा, म्हणजे गिटारची गरजच उरत नाही, ही यांची युक्ती. मेरीलँडच्या रिको नॅस्टीने हीच किंचाळी एका काळ्या तरुण मुलीच्या तोंडी आणली. या सगळ्या प्रकाराला मिळालेलं ते सर्वांत चांगलं वळण, असं मला वाटतं.

समीक्षकांचा न्याय मात्र सरळ नव्हता. ब्रोकनसाइडला शब्दांवरून झोडपणाऱ्या जगानेच २०१७ मध्ये एक्सएक्सएक्सटेन्टेशन या रॅपरचं ‘लुक ॲट मी’ हे गाणं डोक्यावर घेतलं. त्याच्यावर गर्भवती मैत्रिणीला मारहाण केल्याचे गंभीर आरोप होते. जून २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा त्या आरोपांचा खटला उभाही राहिला नव्हता. गाण्यातल्या माजाला शिक्षा आणि प्रत्यक्षातल्या आरोपांकडे काणाडोळा, याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही.

मांडायचा तर त्या काळच्या गाण्यांचा पुरावा हवा, आणि तोच तुटपुंजा आहे. क्रंककोअर जगलं मायस्पेस या समाजमाध्यमावर. तिथे बँडचं पान उघडलं की गाणं आपोआप वाजू लागायचं, कंपनी लागायची नाही, दुकान लागायचं नाही. मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेली. २००३ ते २०१५ या काळातली, सुमारे १ कोटी ४० लाख कलाकारांची ५ कोटींवर गाणी, असा आकडा तेव्हा छापून आला. पुढच्याच महिन्यात ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने त्यातली ४ लाख ९० हजार परत उपलब्ध केली. एका निनावी संशोधकगटाने ती आधीच उतरवून ठेवली होती. ती २००८ ते २०१० मधली, म्हणजे नेमकी क्रंककोअरच्या ऐन भराची वर्षं. संग्रह सर्वांना खुला आहे. ज्यांना स्वतःच्या कानांनी निवाडा करायचा असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी, आणि आवाज आधी कमी ठेवावा.