मोड आलेला दाणा काय करतो?

धान्यापासून बिअर होते, हे आपण ऐकलेले असते. पण यीस्टला धान्यातील स्टार्च थेट वापरता येत नाही; आधी त्याची साखर व्हावी लागते. हे काम मोड आलेल्या दाण्यातील अमायलेज हे विकर करते. घरगुती बिअरच्या साहित्यातील मोठे पातेले, ऊब टिकवणारा डबा आणि थर्मामीटर ही मुख्यतः याच टप्प्यासाठी लागतात.

नांदेड-लातूरच्या कोणत्याही शाळेत हा टप्पा आपण करून पाहू शकतो. गव्हाला दोन-तीन दिवस मोड आणून ते उन्हात कडक वाळवावेत व दळावेत. आंबिलीसाठी शिजवतो तसे ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ अर्धा लिटर पाण्यात शिजवावे. ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर त्यात १० ग्रॅम मोडांचे पीठ ढवळून थर्मासमध्ये तासभर ठेवावे. घट्ट मिश्रण पातळ होते. आधीचा व नंतरचा थेंब गार करून त्यांवर आयोडीन टाकावे. पहिला गडद निळा होतो. दुसऱ्यात निळा रंग फिका पडतो किंवा येतच नाही.

ज्वारीचेच मोड का घेतले नाहीत? त्यांच्या कोंबांत ड्युरिन असते. त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती यामुळेच.

प्रयोग साखरेपाशीच थांबवावा. पुढे यीस्ट घातले की मद्य होते आणि परवान्याशिवाय मद्य बनवणे १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

मोडांचे पीठ आधी उकळून घातले तर काय होईल? उत्तर सांगण्याआधी विद्यार्थ्यांना तेही करून पाहू द्यावे.