सर्व्हेवाले दारात आले तर काय सांगायचं? गायरान, पाणी, शौचालयाच्या प्रश्नांमागचं गणित समजून घ्या

हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडी एकामागून एक प्रश्न. घरात माणसं किती? पिण्याचं पाणी कुठून आणता? शौचालय आहे का, वापरता का? सरपण विकत घेता की गोळा करता? जनावरं चरायला कुठं सोडता? असे प्रश्न ऐकले की गावात दोन प्रकारची उत्तरं मिळतात. काहीजण म्हणतात, "सगळं आहे साहेब, काही अडचण नाही." काहीजण म्हणतात, "काहीच नाही बघा, लिहा." दोन्ही उत्तरांमागं एकच हिशेब असतो. पहिल्याला वाटतं खरं सांगितलं तर त्रास होईल, दुसऱ्याला वाटतं 'नाही' म्हटलं तर काहीतरी मिळेल.

पण या उत्तरांवर पुढं गावाच्या पाण्याचे, गायरानाचे आणि शौचालयांचे आकडे तयार होतात. म्हणून हे सर्व्हे नेमके कसे चालतात, ते सोप्या भाषेत पाहू.

सगळे सर्व्हे सारखे नसतात

गावात येणारे सर्व्हे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला, जनगणना. यात प्रत्येक घर मोजलं जातं. यावेळच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी होणाऱ्या घरयादीच्या टप्प्यात घराची भिंत-छप्पर, पाणी, शौचालय, वीज, स्वयंपाकाचं इंधन अशा गोष्टी विचारल्या जातात.

दुसरा, नमुना सर्वेक्षण. यात सगळी घरं नाही, निवडक घरंच घेतात. देशात हे काम १९५० पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करत आलं आहे. महाराष्ट्रात राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही यात सहभागी असतं.

तिसरा, लाभार्थी सर्वेक्षण. घरकुलासाठीचा 'आवास प्लस' हे त्याचं उदाहरण. इथं तुमचं नाव यादीत जातं आणि त्यावरून लाभ मिळायचा की नाही हे ठरतं.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. नमुना सर्वेक्षणात दिलेल्या उत्तरावरून कुणाला घरकुल मिळत नाही आणि कुणाचं रेशनही बंद होत नाही. त्यातून फक्त आकडे तयार होतात. त्यामुळे दारात कुणी आलं, तर पहिला प्रश्न आपणच विचारायचा: "हा सर्व्हे कशाचा? यादीसाठी आहे की आकडेवारीसाठी?"

माझंच घर का? शेजाऱ्याचं का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. भात शिजला का हे बघायला आपण सगळी शितं दाबत नाही, दोन-चार शितं बघतो. नमुना सर्वेक्षण तसंच आहे. आधी गावं निवडतात, मग निवडलेल्या गावातल्या घरांची यादी करतात आणि त्यातून ठरलेल्या पद्धतीने थोडी घरं घेतात. सरपंचाला विचारून किंवा ओळखीने घरं घ्यायची नसतात.

एक मोठं उदाहरण घेऊ. जानेवारी ते जून १९९८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ५४ वी फेरी झाली. गायरान, गावाचं रान, ओढे-तळी अशा सामायिक साधनांची पहिली देशव्यापी मोजणी या फेरीत झाली. सोबत पाणी आणि स्वच्छतेचे प्रश्नही होते. त्यात ५,११४ गावांतली ७८,९९० घरं घेतली, म्हणजे एका गावातून सरासरी पंधरा. १९९१ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतात ११ कोटींहून जास्त कुटुंबं होती. याचा अर्थ निवडलेलं एक-एक घर सुमारे चौदाशे घरांच्या वतीने बोललं.

आता त्यातल्या एका घराने 'साहेब लवकर जाऊ देत' म्हणून काहीतरी ठोकून दिलं, तर ती चूक एका घरापुरती राहत नाही. चौदाशे घरांच्या नावावर ती चढते.

गायरानाचे आकडे काय सांगतात?

१९९८ च्या पाहणीतले मुख्य आकडे असे होते:

- देशाच्या एकूण भौगोलिक क्षेत्रापैकी १५ टक्के जमीन सामायिक वापराची होती.
- त्या जमिनीपैकी २३ टक्के गायरान व कुरण, १६ टक्के गावाचं वन किंवा वृक्षलागवड, तर उरलेली ६१ टक्के इतर प्रकारची होती.
- एका ग्रामीण कुटुंबामागे अशी जमीन ०.३१ हेक्टर, म्हणजे साधारण ३१ गुंठे होती.
- पाच वर्षांत या जमिनीत १.९ टक्के घट झाली होती.
- ४८ टक्के ग्रामीण कुटुंबं सामायिक जागेतून काही ना काही गोळा करत होती. ४५ टक्के कुटुंबं तिथून सरपण आणत होती.
- गोळा केलेल्या वस्तूंची किंमत कुटुंबामागे वर्षाला सरासरी ६९३ रुपये होती. हे कुटुंबाच्या खर्चाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे ५८ टक्के वाटा सरपणाचा होता.

"वर्षाला ६९३ रुपये? एवढ्यासाठी गायरान राखायचं?" असं कुणी म्हणेल. इथंच सरासरीचा घोळ लक्षात घ्यायला हवा. समजा, वाडीत दहा घरं आहेत. सात घरांकडे गॅस आहे, शेळ्या नाहीत, त्यांना गायरानाचा काही उपयोग नाही. तीन घरं वर्षाला तीन-तीन हजारांचं सरपण आणि चारा आणतात. सरासरी काढली तर घरामागे ९०० रुपये येतात. कागदावर ९०० रुपये किरकोळ दिसतात, पण त्या तीन घरांसाठी तो तीन हजारांचा आधार आहे. बहुतेक वेळा हीच घरं भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतात.

अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या कोरडवाहू भागातली ८० हून अधिक गावं त्यांनी अभ्यासली आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात सामायिक साधनांचा वाटा साधारण १४ ते २३ टक्के होता. आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही जमीन वेगवेगळ्या राज्यांत ३१ ते ५५ टक्क्यांनी घटली होती.

कागदावर एक, वहिवाटीत दुसरंच

१९९८ च्या पाहणीत सामायिक जमीन मोजायच्या दोन रीती होत्या. पहिली, कागदावरची. गावाच्या शिवेत जी जमीन ग्रामपंचायतीच्या किंवा गावसमाजाच्या ताब्यात आहे, तेवढीच धरायची. दुसरी, वहिवाटीची. कागद काहीही म्हणो, लोक पूर्वापार जिथं जनावरं चारतात, सरपण आणतात, पाणी घेतात, ते सगळं धरायचं. जमिनीचा आकडा पहिल्या रीतीने काढला आणि लोक काय-काय आणतात हे दुसऱ्या रीतीने विचारलं.

आपल्याकडे हा फरक रोजच्या जगण्यात दिसतो. सातबाऱ्यावर 'गुरेचरण' लिहिलेलं असतं, पण तिथं गेलं तर अर्ध्यात पेरणी झालेली. उलट एखादा माळ कुणाच्या तरी खासगी नावावर असतो, पण पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाची गुरं तिथंच चरतात. कागद बघूनच सर्व्हे भरला तर पहिल्या गावात गायरान भरपूर दिसेल आणि दुसऱ्या गावात शून्य. दोन्ही खोटं.

म्हणून चराईबद्दल विचारलं, तर 'गायरान आहे' एवढंच सांगून थांबू नका. त्यातलं किती वापरात आहे, गुरं कुठं जातात, पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं का, हेही सांगा.

"गायरानात पेरतो सांगितलं तर अतिक्रमणात धरतील का?"

ही भीती खरी आहे आणि तिचं सरळ उत्तर हवं. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाची नोंद हे महसूल खात्याचं काम आहे. त्यासाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गाव नमुन्यात वेगळी नोंदवही असते. नमुना सर्वेक्षणाचा त्याच्याशी संबंध नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम २००८ नुसार कुटुंबाने दिलेली माहिती ओळख पटेल अशा रीतीने प्रसिद्ध करता येत नाही आणि ती आकडेवारीच्या कामासाठीच वापरायची असते. जनगणनेच्या माहितीलाही जनगणना अधिनियम १९४८ चं संरक्षण आहे.

लाभार्थी सर्वेक्षणात मात्र माहिती तुमच्या नावानिशी जाते. म्हणूनच सर्व्हे कोणत्या प्रकारचा हे आधी विचारायचं.

शौचालय: प्रश्न कधी विचारला यावरही उत्तर बदलतं

२०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या ३०.७ टक्के घरांत शौचालय होतं, ग्रामीण महाराष्ट्रात ३८ टक्के. त्यानंतर स्वच्छ भारत मिशन आलं. जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी झाली, तेव्हा ७१.३ टक्के ग्रामीण कुटुंबांनी शौचालयाची सोय असल्याचं सांगितलं. वाढ मोठी होती. पण २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात हा अहवाल आला. साहजिकच वाद झाला.

त्यावेळी सांख्यिकी मंत्रालयाने दिलेलं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. प्रश्नावलीत 'सरकारी योजनेचा लाभ मिळाला का?' हा प्रश्न आधी होता आणि 'शौचालय आहे का?' हा नंतर. त्यामुळे 'नाही' सांगितलं तर पुढं लाभ मिळेल या आशेने काही लोकांनी 'नाही' सांगितलं असण्याची शक्यता मंत्रालयाने स्वतःच नोंदवली.

उलटंही घडू शकतं. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी शेजारी उभे असले, की 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. अनुदानातून बांधलेल्या शौचालयात गोवऱ्या भरलेल्या असतात, पण नोंद होते 'आहे'. मग त्या गावात पाण्याची सोय, खड्डा उपसणं, दुरुस्ती यांची गरज आहे हे कागदावर येणार तरी कसं?

शौचालय बांधलेलं आहे का, वापरात आहे का आणि घरातले सगळे वापरतात का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं वेगळी द्या.

पाणी: नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नाही

२०१८ च्या त्याच फेरीत ४२.९ टक्के ग्रामीण कुटुंबांचा पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत हातपंप होता. त्यानंतर जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. अनेक घरांसमोर तोटी बसली. पण तोटी बसणं आणि तोटीला पाणी येणं यात फरक आहे, हे आपल्याला सांगायला नको.

सर्व्हेत 'मुख्य स्रोत' म्हणजे ज्यातून जास्तीत जास्त पाणी घेतलं जातं तो. पावसाळ्यात नळ आणि फेब्रुवारीपासून विहीर किंवा टँकर असेल, तर तसंच सांगा. वर्षभर पुरतं का, नसेल तर कोणते महिने पुरत नाही, किती लांबून आणावं लागतं, आणतं कोण, हेही सांगा.

उत्तर कुणी द्यायचं?

बहुतेक घरांत पुढं होतो तो पुरुष. पण पाणी भरते बाई, सरपण आणते बाई, शेळ्या सोडते म्हातारी आई. आठवड्याला किती मोळ्या लागतात हे त्यांनाच ठाऊक. सर्व्हे करणाऱ्यालाही नेमकं उत्तर हवं असतं. म्हणून ज्याचं काम, त्यानेच उत्तर द्यावं. घरातल्या बाईला पुढं बोलावून बसवा.

सर्व्हेच्या वेळी हे लक्षात ठेवा

- ओळखपत्र बघा. कोणत्या कार्यालयाकडून आले, सर्व्हे कशाचा, हे विचारा. शंका आली तर ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात खात्री करा.
- ओटीपी, एटीएमचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड कोणत्याही सर्व्हेला लागत नाही. मागितला तर देऊ नका. पैसे मागितले तर तोही सर्व्हे नाही.
- काळ नीट ऐका. 'गेल्या ३० दिवसांत' आणि 'गेल्या ३६५ दिवसांत' यांची उत्तरं वेगळी येतात. उन्हाळ्यातलं पाणी तीस दिवसांच्या प्रश्नात येईलच असं नाही.
- फुकट मिळतं म्हणून सोडू नका. सरपण, चारा, मोहाची फुलं, तेंदूपाने, रानभाज्या, ओढ्यातली मासळी हे सगळं मोजण्यासारखं आहे.
- माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. अंदाजपंचे आकडा देऊ नका.

गावाने स्वतःचा सर्व्हे करावा का?

करावा, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. महाभूलेख संकेतस्थळावर आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा मोबाईलवरच पाहता येतो. तो घेऊन एक दिवस शिवारफेरी काढा. गायरान किती, वापरात किती, पाणवठे कोणते, कोणते बुजले, स्मशानभूमीला वाट आहे का, हे वहीत लिहा. मग घरोघरी पाणी, सरपण, शौचालय एवढे प्रश्न विचारा आणि निघालेली माहिती ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्या.

याचा उपयोग कुठं होतो? ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आणि लोक जैवविविधता नोंदवहीत. जंगलालगतच्या गावांना सामूहिक वनहक्काच्या दाव्यात वहिवाट दाखवायलाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे आपल्या जंगलाचा गावाने वर्षानुवर्षे केलेला अभ्यास होता. आणि उद्या कुणी 'ही जमीन पडीकच आहे' म्हणून गायरान दुसऱ्या कामाला मागितलं, तर ग्रामसभेच्या हाती दाखवायला काहीतरी असतं.

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय सर्वेक्षणांत नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. म्हणजे जिल्ह्याचं चित्र पूर्वीपेक्षा जास्त स्पष्ट दिसण्याची सोय झाली आहे. ते चित्र खरं उतरायचं तर दारात आलेल्या माणसाला पाच मिनिटं जास्त द्या आणि जे आहे ते तसंच सांगा.