स्वस्तातले रान आणि माहेरचा सातबारा

कोकणात थोडी जागा असावी, असे कोणाच्या मनात येत नाही? आमच्या ह्यांच्या मनात ते मागच्या माघात आले आणि मग घरात दुसरा विषयच उरला नाही. आम्ही कऱ्हाडला राहतो. आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे, रस्त्यापासून बरेच आत, एक एकराचा झाडीचा तुकडा एका एजंटाने दाखवला. ऐन, किंजळ, जांभूळ, मधे दोन जुने फणस आणि खाली वहाळ. भाव ऐकून मी दोनदा विचारले. एक गुंठा आमच्या तीन महिन्यांच्या घरभाड्यात! असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. दोघांची साठवण आणि माझ्या दोन बांगड्या एवढ्यात बसत होते.

ह्यांनी तिथेच इसाराचे पैसे काढायची तयारी केली. मी म्हटले, “मेथीची पेंडीसुद्धा मी उलटून बघून घेते. थांबा जरा.”

थांबलो हे बरे झाले. जूनमध्ये पुन्हा गेलो, तर ज्या पायवाटेने आम्ही माघात चालत गेलो होतो तिचाच ओढा झालेला. शिवाय ती वाट शेजाऱ्याच्या आंब्याच्या बागेतून जाणारी. “माणसं जाऊ देत, गाडी नाय सोडणार,” त्याने सरळ सांगितले. त्याचे तरी काय चुकले? आपल्या अंगणातून कोणी ट्रक नेला तर आपण नेऊ देऊ का? तेव्हा मैत्रिणींनो, रान बघायचे तर एकदा भर पावसात बघा आणि एकदा वैशाखात. पावसात रस्ता कळतो, वैशाखात पाणी. आणि वाट गावनकाशावर आहे की नुसती वहिवाटीची, तेही पाहून घ्या.

पण खरी गोष्ट कागदात निघाली. सातबारा आता घरबसल्या संगणकावर दिसतो, डिजिटल सहीचा उताराही थोडक्या पैशांत मिळतो. तो काढला. आपण सगळे मालकाचे नाव बघतो आणि उतारा मिटवतो. बघायचा तो ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, सगळे तिथे असते. आमच्या उताऱ्यावर तिथे एका जुन्या फेरफाराचा नुसता आकडा होता. एजंट म्हणाला, “ते जुनं आहे हो वहिनी, सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतं.” एका ओळखीच्या वकिलांनी तहसिलातून तो फेरफार काढून आणला. नोंद खाजगी वनाची होती!

हे प्रकरण मला मुळीच ठाऊक नव्हते. १९७५ साली महाराष्ट्रात खाजगी वने संपादन करण्याचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या ३० ऑगस्टपासून अशी वने सरकारची झाली. कित्येक ठिकाणी मूळ मालकच अजून वहिवाट करतात, आणि नोंदीवरून वाद चालूच राहतात. शिवाय १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीवर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय दुसरे काही करता येत नाही. म्हणजे घर विसराच. वकील म्हणाले, “नोंद दिसली म्हणजे सगळं संपलंच असं नाही, पण तो वाद तुम्ही कशाला विकत घेता?” स्वस्ताईचे कोडे मला तेव्हा उलगडले. बांगड्या हातातच राहिल्या.

दुसरा तुकडा भाद्रपदात मिळाला, तीस गुंठे वरकस. भाव जास्त, पण रस्ता नकाशावर असलेला, उतारा भोगवटादार वर्ग १ चा आणि इतर हक्कांचा रकाना कोरा. (वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी मालकाची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.) विकणाऱ्यांच्या दोन बहिणी मुंबईला दिलेल्या. “त्यांचं काय, त्या नाही म्हणणार नाहीत,” असे भाऊ सांगत होते. आम्ही त्या दोघींच्या सह्या झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले. उभी झाडे कोणाची, हेही साठेखतात लिहून घेतले, कारण खरेदीच्या आदल्या महिन्यात लाकूड विकून उघडा डोंगर हातात देणारे असतात. ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर ही झाडे तर परवानगीशिवाय मालकालाही तोडता येत नाहीत.

सगळे जमले आणि वकिलांनी विचारले, “तुमच्यात शेतकरी कोण?”

ह्यांच्याकडे वाडवडिलांची जमीन नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि वरकस म्हटली तरी ती शेतजमीनच. ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटले, “माझं नाव आहे की सातबारावर, माहेरी!”

तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तीन नावे लागली. पाटणकडची सव्वा एकर जिराईत, भुईमुगापुरती. त्या दिवाळीत दादाने हक्कसोडीचा विषय काढला होता आणि मी ‘बरं’ म्हटले होते. ओवाळणीचे ताट हातात असताना कोण नाही म्हणते? कागद तयारही होता, केवळ माझ्या शाळेच्या परीक्षांमुळे सही लांबली. ती झाली असती तर शेतकरी असल्याचा माझ्याजवळचा एकुलता एक पुरावा गेला असता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण सही करून दिलेला हक्क परत मागता येत नाही.

दादाला फोन करताना माझा हात थरथरत होता. मी सांगितले, पीक तूच घे, मला शेंगा नकोत, पण नाव राहू दे. तो बराच वेळ गप्प राहिला. वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत, संक्रांतीला तिळगूळ मात्र पाठवला.

खरेदीखत माझ्या नावावर झाले. ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, थोडे हसत, थोडे अवघडून. घराचे अजून नाव काढलेले नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीत आणि तहसिलात काय लागते ते आधी विचारायचे आहे. येत्या सोमवारी भूमी अभिलेखचा माणूस मोजणीला येतोय. काल दादाचा फोन आला होता. हद्दीचे दगड रोवायला मीही येतो म्हणाला, आणि येताना कुदळ आणू की तिथे मिळेल, असे विचारत होता.