नॅशव्हिलचे पहिले सूर

नॅशव्हिलला गेलेला माणूस आधी ब्रॉडवे गाठतो. तिथल्या बारमध्ये सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत कुणी ना कुणी गिटार घेऊन गात असते आणि त्याची बरीचशी कमाई समोरच्या बरणीत पडणाऱ्या नोटांवर चालते. टेनेसी राज्याची ही राजधानी स्वतःला ‘म्युझिक सिटी’ म्हणवते. जग तिला कंट्री संगीताचे, म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेच्या गाण्याचे माहेरघर मानते. अटलांटात राहणारी माझी मैत्रीण शास्त्रीय गाणे शिकलेली. आम्ही दोघींनी हे शहर पाहायचे ठरवले तेव्हा तिची एकच अट होती : सुरुवात फिस्क विद्यापीठापासून करायची.

गुलामीतून सुटलेल्यांना शिकता यावे म्हणून १८६६ मध्ये फिस्क सुरू झाले. पाच वर्षांत तिजोरी रिकामी झाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी उरलेसुरले पैसे घेतले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ते गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. त्यातली बहुतेक मुले गुलामीत जन्मलेली. पियानो वाजवणारी एला शेपर्ड तर बापाने पैसे मोजून सोडवून आणलेली. आधी ही मुले गोऱ्यांना रुचणारी गाणी गात. आईबापांनी मालकाच्या नजरेआड गायलेली भक्तिगीते परक्यांपुढे गायला त्यांचे मन धजत नव्हते; ती त्यांच्या लेखी पवित्र होती आणि त्यांत गुलामीच्या आठवणी होत्या. शेवटी तीच गाणी त्यांनी गायली, आणि सभागृहे स्तब्ध झाली. १८७२ मध्ये ती राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायली, १८७३ मध्ये इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियापुढे. या ‘ज्युबिली सिंगर्स’नी जमवलेल्या पैशांतून उभा राहिलेला ज्युबिली हॉल १८७६ मध्ये खुला झाला. आज तिथे विद्यार्थिनींचे वसतिगृह आहे. त्या उंच विटांच्या इमारतीसमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. गाण्याच्या कमाईतून एवढी शाळा बांधली गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

मराठी माणसाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. जोतीरावांनी ज्या मुक्तीला वंदन केले, तिच्यातून शिकलेली पहिली पिढी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गात होती.

दुपारी रायमन सभागृहात गेलो. थॉमस रायमन हे बोटींच्या व्यवसायातले धनिक. सॅम जोन्स या धर्मप्रचारकाच्या प्रवचनाने भारावून त्यांनी प्रार्थनासभांसाठी ही वास्तू उभारली. ती १८९२ मध्ये पूर्ण झाली. बसायला चर्चमधले लाकडी बाक, आणि आवाज इतका स्वच्छ पोचतो की मैत्रिणीने मागच्या रांगेत बसून हलकेच षड्ज लावून पाहिला. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ इथूनच होत असे.

ऑप्रीची सुरुवात १९२५ ची. तिच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांपैकी एक होता डीफोर्ड बेली, गुलामांचा नातू. तो माउथ ऑर्गनवर धावती आगगाडी हुबेहूब उभी करी. दौऱ्यावर त्याला सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला ऑप्रीतून काढले आणि पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर संसार चालवला. १९८२ मध्ये तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले २००५ मध्ये. हा उशीर मला अन्याय वाटतो.

जेफर्सन स्ट्रीटवर तर पाहायला फारसे काही उरलेले नाही, आणि ते न उरणेच पाहण्यासारखे आहे. कृष्णवर्णीय वस्तीतला हा क्लबांचा रस्ता. लष्करातून बाहेर पडलेला जिमी हेंड्रिक्स १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे वाजवत होता. पुढे आय-४० हा महामार्ग या वस्तीच्या मधून काढला. रहिवासी कोर्टात गेले, हरले. घरे, दुकाने, क्लब पडले. ब्रॉडवे मात्र शाबूत राहिला.

म्युझिक रो भागातल्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये एल्व्हिस प्रेस्लीची दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित झाली. तिथल्या वादकांची एक रीत मात्र मला त्याहून रंजक वाटली. १९५० च्या दशकात नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड्‌सना नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली : एक, चार, पाच. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर आपली सरगम! सा कुठेही धर.” २००६ मध्ये शर्मरहॉर्न सिंफनी सेंटर सुरू झाले, तेव्हा त्यासाठी खास रचलेल्या कृतीत बेला फ्लेक आणि एडगर मेयर यांच्यासोबत आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन होते. आकडे मोजणाऱ्या या शहरात तबला परका वाटला नसणार.

२०२१ मध्ये ब्रॉडवेलगतच आफ्रिकन-अमेरिकन संगीताचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. त्याच वर्षी फिस्कच्या ज्युबिली सिंगर्सना ग्रॅमी मिळाले. नॅशव्हिलला जाल तर संध्याकाळ खुशाल ब्रॉडवेला द्या. सकाळ मात्र फिस्कसाठी राखून ठेवा. रायमनपासून गाडीने दहा मिनिटांची वाट आहे. जमल्यास ६ ऑक्टोबरच्या सुमारास जा : त्या दिवशी फिस्कमध्ये दरवर्षी ‘ज्युबिली डे’ पाळतात आणि आजचे विद्यार्थी जुन्या गायकांच्या कबरींपाशी जाऊन गातात.